एक पायरी

फॅमिली रूमच्या पायरीशी वाढपी रोबो अडला, की भिकाजी धावत जायचा आणि थाळ्या सांभाळत त्याला वर चढवायचा. हॉटेलातले बाकीचे पाचही वेटर दिवाळीनंतर घरी बसले होते. भिकाजी तेवढा या पायरीमुळे टिकला होता.

मंगळवारी सकाळी गवंडी आला. पायरीच्या जागी उतार करायचा होता.

"मॅडम, मग मी?" भिकाजीने विचारलं.

मॅनेजरबाईंनी मान खाली घातली. "मालकांनी ठरवलंय, काका. माझ्या हातात काही नाही."

काम आटोपून निघताना गवंडी भिकाजीला म्हणाला, "सिमेंट ओलं आहे. संध्याकाळपर्यंत कुणाला पाय देऊ देऊ नका."

भिकाजी तिथेच खुर्ची टाकून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून सांगत राहिला, "जरा बाजूने जा, काम बिघडेल."