साल कोणतं?

साल एकोणीसशे बासष्ट. ओहायोच्या एका मनोरुग्णालयात डॉक्टर व्हिटकॉम रोज सकाळी लेलँड नावाच्या रुग्णाला विचारायचे, "साल कोणतं रे?" बरोबर उत्तराला एक सिगारेट ठरलेली.

"दोन हजार चाळीस. तिथूनच आलोय, डॉक्टर. शुक्रवारी तुमच्या पोरीच्या हाती गाडी देऊ नका, पुलावरून खाली जाणार आहे."

"तुझं डोकं ताळ्यावर आणतो," म्हणत डॉक्टरांनी त्याला रोज विजेचे झटके सुरू केले.

रविवारी मुलीला पुरून ते तडक वॉर्डात आले आणि लेलँडचे पाय धरून बसले. "मला गुरुवारी नेऊन सोड, बाबा. कोणत्या सालातून, कसा आलास, एवढं आठव."

लेलँडने आठ्या घालून खूप आठवलं. मग त्याचा चेहरा खुलला.

"एकोणीसशे बासष्ट," तो म्हणाला आणि त्याने सिगारेटसाठी हात पुढे केला.