वेलदोडा

"फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार असतात," रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टर म्हणाले. "एक बहुतेक सिगारेट ओढणाऱ्यांनाच गाठतो. शालनताईंना झालाय तो वेगळा. कधीही न ओढणाऱ्यांनाही होतो."

शालनच्या शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने रोखून धरलेला श्वास सोडला. म्हणजे आपल्यामुळे नाही. लग्न झाल्यापासून रोज जेवणानंतर, डास येतात म्हणून खिडकी लावून, तो पलंगावर बसून सिगारेट ओढत आला होता.

"घरात कोणी ओढतं का? दुसऱ्याच्या धुरानेही होऊ शकतो हा."

त्याने खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर हात ठेवला.

"कुणीच नाही," शालन म्हणाली. आणि पाहुण्यांना त्याच्या तोंडाचा वास येऊ नये म्हणून ती नेहमी द्यायची, तसा एक वेलदोडा तिने टेबलाखालून त्याच्या मुठीत सरकवला.