ओळखा खिरापत

"हिला नका घेऊ, आजी! झाकलेली खिरापत ही नुसत्या वासावरून ओळखते. सगळी मजाच जाते," भोंडल्याला आलेल्या वर्गमैत्रिणी कुरकुरल्या.

स्वमग्न शर्वरी दाराशी कान झाकून उभी होती. एरवी गोदाक्कांनी एकेकीला सोलून काढलं असतं; पण नातीला मैत्रिणी मिळाव्यात म्हणूनच तर हा भोंडला होता. त्यांनी खिरापतीचा डबा शर्वरीच्या हाती दिला.

"खिरापत हिनंच केलीय. ओळखा तुम्ही, नकट्यांनो!"

"शिरा?"

"नाही."

"खोबऱ्याच्या वड्या?"

"नाही."

"शर्वरे, जरासा वास तरी घेऊ दे गं!"

शर्वरीनं डबा पोटाशी धरला आणि खुदकन हसली. "नाही."

मुलींनी हात टेकले. "उद्या भोंडला माझ्याकडे आहे," एकजण म्हणाली, "खिरापत तूच कर."

"किती वाजता?" शर्वरीनं लगेच विचारलं.