तात्पुरती सोय

बाबांचा जुना कॉम्प्युटर विंडोज ओढेना, म्हणून मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून दिलं. आधी वापरून बघायचं, पटलं तर कायमचं टाकायचं. तोवर लिहिलेलं सगळं कॉम्प्युटर बंद केला की पुसलं जातं, हे सांगायला मात्र मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी बाबा भडकले. "ताईला लिहिलेलं अख्खं पत्र गेलं!"

ताईच्या लग्नावरून भांडण झाल्यापासून ते तिच्याशी बोललेले नव्हते. त्यात हेडक्लार्कच्या नोकरीतली त्यांची जुनी खोड : आज लिहायचं, उद्या पुन्हा वाचून मगच पाठवायचं.

"आत्ता कायमचं टाकतो," मी म्हणालो.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "इतक्यात नको. चहा द्यायला गेले तेव्हा वाचलंय मी. तोंडाला येईल ते लिहिलं होतं."

मग मी रोज नवी सबब सांगत राहिलो. बाबा कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडत आणि एका बोटाने पत्र पुन्हा पहिल्यापासून टाइप करत. कंटाळून आधी मुद्दे गळाले, मग टोमणे. 'तुझं तोंड पाहणार नाही' बरेच दिवस टिकून होतं, शेवटी तेही गेलं.

काल आई चहा देऊन आली आणि म्हणाली, "आज टाक ते कायमचं."

मी जाऊन पाहिलं. स्क्रीनवर एकच ओळ होती : 'घरी कधी येतेस?'

"टाकताना हीपण पुसली जाईल," मी आईच्या कानात म्हणालो.

"जाऊ दे. तेवढं आता त्यांना पाठ आहे."