संशयाचा आकडा

नव्या कायद्यानं पोलिसाच्या मनगटपट्टीत त्याचा संशयही मोजला जाई. वकील सुमित्रा धोत्रे यांनी नाक्यावरच्या हवालदाराची नोंद कोर्टाच्या पडद्यावर लावली.

“हवालदार, दिलखुश काळेची गाडी अडवलीत तेव्हा संशय किती होता?”

“चार. नुसतं हेल्मेट नव्हतं, मॅडम.”

“डिकी उघडायला हात घातलात तेव्हा?”

“एक्याण्णव. गावठी कट्टा सापडला की त्यात, पिस्तूल.”

“कट्टा नंतर सापडला, आकडा आधी चढला. मधे तुम्ही विचारलंत, कुठं राहतोस? तो म्हणाला, पारधी वस्ती. मग सत्त्याऐंशी त्या दोन शब्दांचे, नाही का?”

हवालदार पट्टी चोळत राहिला.

कारणाशिवायच्या संशयावर घेतलेली झडती रद्द होई. टिकली तर दिलखुश सात वर्षं आत. न्यायाधीशांनी पेन उचलून आरोपीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या मनगटाकडे. पट्टी त्यांनाही बांधावी लागे.

त्यांनी पेन ठेवलं, पाणी मागवलं. सुमित्राबाईंनी घाई केली नाही. चढलेला आकडा उतरायला किती वेळ लागतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. शिकलेल्या माणसाला जरा जास्तच.

दहा मिनिटांनी साहेबांनी लिहिलं, ‘झडती रद्द. आरोपीस सोडावे.’