शोधायची चौकट

“किती सावकाश सरकवतेस गं वहिनी! अशाने संध्याकाळ होईल,” नणंद माझ्या कानाशी कुरकुरली. स्वतः मात्र माउसला हात लावेना.

पडद्यावर दरड कोसळलेल्या घाटातून सुखरूप बाहेर काढलेल्यांची यादी होती. सहाशे चाळीस नावं, कुठल्याच क्रमाने नाहीत. मामंजी ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर तिकडेच गेले होते आणि कालपासून त्यांचा फोन लागत नव्हता.

कंट्रोल आणि एफ दाबलं की पानात शोधायची चौकट उघडते. नाव लिहायचं, की क्षणात उत्तर. मला हे नणंदेनंच शिकवलं होतं. पण ती चौकट शून्यही तितक्याच क्षणात सांगते. म्हणून आम्ही दोघी शहाण्या एकेक ओळ बोट ठेवून वाचत होतो. खाली नावं शिल्लक होती, तोवर मामंजीही होते.

“पाककृतीत मीठ किती ते शोधतेस ना, ती चौकट उघड,” मागून सासूबाई म्हणाल्या. उभ्या संसारात उखाण्याबाहेर त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

“लिही, जनार्दन रघुनाथ पेडणेकर. गेले असतील तर गेले असतील, पण कळू दे.”