बावीस नंबरचं जॅकेट
आमच्या सोलापूरच्या कारखान्यात आम्ही बायका वर्षभर शाळेचे गणवेश शिवतो. या महिन्यात परदेशातून जॅकेटची ऑर्डर आली, कापडावर नुसते वेडेवाकडे ठिपके. मास्तर गुरुअण्णा म्हणाले, "लढाईतलं ड्रोन आता माणसाला आपलं आपण ओळखतंय. हे जॅकेट घातलं, की त्याला माणूस दिसत न्हाय." त्यांच्या टॅबमधला कॅमेराही तसाच, समोरचा माणूस ओळखून त्याच्याभोवती हिरवी चौकट काढणारा, जॅकेट घातलं की चौकट गायब. आज बावीस नंबरचं माप आलं. बावीस म्हणजे पहिलीतलं पोर, हे मला कुणी सांगायला नको. एवढं लहान दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटून आलेली माझी लेक सिद्धीच चाचणीला उभी राहिली. तिच्याभोवती चौकट आली. जॅकेट चढवलं, चौकट गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. वाजवता वाजवता हात थांबले. "अण्णा, ड्रोनला लेकरू दिसलं तर ते सोडतंय का मारतंय?" "सोडत असंल की," अण्णा म्हणाले, "लेकरू हाय म्हणल्यावर." "मग लेकराला लपवायचं कशाला? दिसलंच न्हाय, तर ते सोडंल कसं?"  अण्णाच मग हळूच म्हणाले, "आन् मारत असंल तर?" तोवर मी पुढं होऊन सिद्धीची एक बाही उतरवली होती. टॅबवरची चौकट लुकलुकायला लागली, येतीय आणि जातीय. दुसरी बाही माझ्या हातात तशीच राहिली. सिद्धी वर माझ्याकडं बघत म्हणाली, "आई, घालू का काढू?"